ओवाळलेला भाऊ

फोन वाजला तेव्हा अनुराधा ओट्यापाशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. पलीकडचा माणूस इंग्रजीत, प्रत्येक शब्दापाशी जरा थांबत म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या भावाचा वकील बोलतोय."

अनुराधाला भाऊ नव्हता. पुण्याला एक बहीण होती, तीही धाकटी. राँग नंबर म्हणून ती फोन ठेवणारच होती, तेवढ्यात त्या माणसानं नाव घेतलं. व्हेनान्स. खोली होती तशीच राहिली. एसी घुमत होता, खाली दुबईच्या करामा भागातल्या गल्लीत कुणीतरी टॅक्सीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होतं, समोरच्या बिल्डिंगच्या काचांवर बाहेरच्या दमट हवेचा थर बसला होता. पण पायाखालची फरशी जराशी तिरकी झाली. खाडी ओलांडायला अब्र्यात पहिलं पाऊल टाकताना होडी खाली जाते ना, तशी. "तो म्हणतो तुम्ही त्याची बहीण आहात," वकील म्हणाला. "हे बरोबर आहे का?" आणि जे कुठलीही मराठी बाई सहज म्हणून गेली असती तेच ती म्हणून गेली, "हो. तो माझा भाऊ आहे." पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला, की तिला तसा भास झाला, कोण जाणे. टांझानियातल्या आरुशा नावाच्या गावात एक कोर्ट बसलंय, रवांडात चौऱ्याण्णव साली जी कत्तल झाली तिचे खटले तिथे चालतात, तुमचा भाऊ त्यात आरोपी आहे, असं वकील सावकाश सांगत होता. रस्ते अडवून माणसं मारणाऱ्या टोळ्या त्यानं चालवल्या, असा आरोप आहे. "आणि त्यानं माणसं वाचवली याचा पुरावा तुम्ही आहात, मॅडम." अनुराधा हातातल्या काडीकडे बघत होती. पुरावा म्हणजे असा ओट्यापाशी उभा असतो, ओल्या हातांचा, हे तिला नवीन होतं.

रवांडाच्या राजधानीत, किगालीत, त्यांचं तेव्हाचं घर डोंगराच्या उतारावर होतं. सकाळी खिडकी उघडली की एका टेकडीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, आणि सगळ्यांच्या कमरेला निलगिरीच्या धुराचा पट्टा. तिचा नवरा चारुदत्त तिथे एका भारतीय ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट होता आणि व्हेनान्स त्याच कंपनीच्या गोदामाचा मॅनेजर. उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. रविवारी केळ्यांचा घड घेऊन यायचा आणि त्यांच्या छोट्या मुग्धाला खांद्यावर बसवून बागेत फिरवायचा. कत्तलीच्या आदल्या वर्षी भाऊबीजेला अनुराधाला माहेराची फार आठवण आली, किंवा नुसताच कंटाळा आला असेल, तिनं व्हेनान्सला पाटावर बसवलं. पाट कुठला, साबणाचं खोकं उलटं करून त्यावर टॉवेल घातला. चारुदत्तनं स्वतःचा रुमाल त्याच्या डोक्यावर टाकला. दारात जैनब उभी राहून तोंडावर हात ठेवून हसत होती. जैनब मुग्धाला सांभाळायची. विशी-बाविशीची, बारीक चणीची, स्वाहिली बोलणारी पोर. आई नाही, भाऊ नाही, न्यामिरांबो वस्तीत एक मावशी. घरातच राहायची, जेवायची, मुग्धाच्या खोलीत जमिनीवर गादी घालून झोपायची. अनुराधानं ओवाळलं आणि कुणास ठाऊक काय मनात आलं, तबक तिच्या हातात दिलं. "तू पण ओवाळ गं. तुला तरी इथे भाऊ कुठाय?" जैनबला शब्द कळले नाहीत, पण तबक कळलं. तिनं ते इतक्या घाईनं उचललं की निरांजन विझलं. अनुराधानं ते परत पेटवलं. मग जैनबनं उलट्या बाजूनं का होईना, ओवाळलं. व्हेनान्सनं तबकात चहाची पुडी ठेवली आणि विचारलं, "आता मी काय करायचं असतं?" चारुदत्त खो-खो हसत म्हणाला, "आता तू अडकलास, हबीबी. लाइफटाइम प्रोटेक्शन. दोघींचं!" पण नाही, हबीबी हा शब्द तर दुबईचा. तेव्हा चारुदत्त काहीतरी वेगळंच म्हणाला असणार. इतक्या वर्षांत कुठले शब्द कुठल्या घरातले, हे सरमिसळ होऊन गेलं होतं.

संध्याकाळी चहा पिताना तिनं फोनचं सांगितलं, तेव्हा चारुदत्तनं कप खाली ठेवला. "म्हणजे तो जिवंत आहे?" एवढंच तो आधी म्हणाला. मग उठून येरझाऱ्या घालायला लागला. कत्तल सुरू झाली त्या एप्रिलमध्ये तो कंपनीच्या कामानं नैरोबीला अडकला होता. बायको आणि चार वर्षांची पोर तिकडे, आणि हा हॉटेलातल्या टीव्हीसमोर. त्या दिवसांबद्दल त्याला जे माहीत होतं ते सगळं अनुराधानं सांगितलेलं होतं. "अनु, यात विचार काय करायचा? जायचं आणि सांगायचं. तो गाडी घेऊन आला नसता तर आज ही मुग्धा असती का? तू असतीस का?"

"सगळं सांगावं लागेल, चारू."

"सगळं म्हणजे? आला, गाडीत बसवलं, एअरपोर्टला निघालेल्या परदेशी लोकांच्या ताफ्यापर्यंत सोडलं. खलास. याच्याहून वेगळं काय आहे?"

मुग्धा सोफ्यावर पाय वर घेऊन गणितं करत होती. मान वर न करता म्हणाली, "इज धिस अबाउट द कार अँड द सिंगिंग गर्ल?"

"ते स्वप्न आहे राणी तुझं," चारुदत्त म्हणाला, "मम्मानं किती वेळा सांगितलंय."

"आय नो, आय नो. इट्स अ ड्रीम."

अनुराधा कप उचलून आत गेली. हे स्वप्न तिनंच मुलीला दिलं होतं. नैरोबीच्या विमानतळावर मुग्धा बापाच्या कडेवर रडत म्हणाली होती, गाडीत कोण गात होतं, ती कुठे गेली, आणि अनुराधा म्हणाली होती, "कोणी नव्हतं सोन्या, तुला स्वप्न पडलं." चारुदत्तनं विचारलं तेव्हा म्हणाली, जैनब मावशीकडे गेली. एकदा म्हटल्यावर ते तसंच राहिलं. मग शारजा, मग करामा, मग शाळा, व्हिसा, नवा टीव्ही, फ्रीज. आठ वर्षं एका खऱ्याखुऱ्या माणसाला स्वप्न म्हणून घरात ठेवलं होतं, आणि पोर ते इतकं शहाण्यासारखं सांभाळत होती की कधीकधी अनुराधालाच वाटायचं, खरंच, असेल स्वप्न.

वकील स्वतः दुबईला आला. खाडीकाठच्या एका हॉटेलच्या लॉबीत भेटला. पांढरे केस, मऊ आवाज, तिच्यासाठी खुर्ची ओढून दिली. गार टॅक्सीतून दमट हवेत उतरल्यामुळे तिचा चष्मा धुक्यानं भरला होता आणि पहिली काही वाक्यं तिनं त्या धुक्यातूनच ऐकली. साक्ष द्यायला आफ्रिकेत जायची गरज नाही. इथेच, बर दुबई भागात एक खोली घेऊ, पडद्यावर कोर्ट दिसेल, कोर्टाला तुम्ही दिसाल. विचारलं तेवढंच सांगायचं. लांबण लावायची नाही, आपणहून काही जोडायचं नाही. "त्यानं तुम्हाला आणि तुमच्या मुलीला रस्त्यावरच्या अडथळ्यातून सुखरूप नेलं?" "हो." "त्या वेळी त्यानं तुमच्याकडे काही मागितलं?" "नाही." ती प्रत्येक वेळी खरं बोलत होती. ते वकिलाला पुरत होतं, आणि ती आता स्वच्छ झालेला चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होती. निघताना तो म्हणाला, "तुमच्या भावाला फार बरं वाटेल."

परत येताना ती मुद्दाम अब्र्यात बसली. शेजारी पेशावरकडचा वाटणारा एक म्हातारा डुलक्या घेत होता. पाण्यावर इतकी वाफ होती की समोरचा काठ उचलून जरा वर टांगल्यासारखा दिसत होता. अशा वेळी तिच्या डोळ्यांपुढे ती गाडी यायची. नेहमी यायची. पांढरी पिकअप, एरियलला लाल चिंधी. पुढे व्हेनान्स, शेजारी मुग्धाला मांडीवर घेऊन अनुराधा, आणि सीटच्या मागच्या खोबणीत गोधडीखाली जैनब. लोक ओळखपत्रावरची जमात बघून आणि चेहरा बघून मारत होते आणि जैनबचा चेहरा त्यांना चालणारा नव्हता. तिला घ्यायचं की नाही, यावर घरात बोलणं झालंच नाही. व्हेनान्सनं दार उघडलं, जैनब आत शिरली, त्यानं दार लावलं. मुग्धा रडायला लागली की गोधडीखालून गुणगुणणं यायचं आणि मुग्धा गप्प व्हायची. मग वळण, रस्त्यात आडवा टाकलेला ओंडका, पोरं. पोरांच्या हातात कोयते. पोरांनी व्हेनान्सला बघून सलाम केला, हे तिला तेव्हा किती बरं वाटलं होतं! तो खाली उतरला, त्यांच्याशी हसून बोलला. मागचं दार उघडलं गेलं. आणि इथून पुढे ती गाडी प्रत्येक वेळी वेगळी यायची. कधी वारा सुटायचा आणि गोधडीचं टोक उडायचं. कधी एखादा पोरगा कोयत्याच्या टोकानं ती बाजूला करायचा. कधी जैनब स्वतःच उठून बसायची, उशीर झाल्यासारखी घाईनं. बऱ्याच वर्षांत वाराच जास्त वेळा आला होता. वाऱ्यावर कोणाला रागावता येत नाही. "यल्ला, यल्ला," अब्रावाला ओरडला, म्हातारा जागा झाला, काठ आला.

साक्षीच्या आदल्या दिवशी कोर्टाकडून एक बाई भेटायला आली. केनियाची, धिप्पाड, कपाळावर घामाचे मणी. मिस वांजिरू. साक्षीदारांची काळजी घ्यायचं तिचं काम. तिनं खोली दाखवली: टेबल, कॅमेरा, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा. "तुमचं नाव तिथे कोणी घेणार नाही. तिथे तुम्ही डी-सात. रडू आलं तर हात वर करा, थांबवतील. चक्कर आली तर बाहेर नर्स आहे. इथे जे बोलाल ते निकाल लागेपर्यंत बाहेर कोणाशी बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही."

"आणि तो? त्याला मी दिसणार?"

"लोकांना नाही दिसणार. त्याला दिसणार. त्याच्यावर कोण काय बोलतंय हे त्याला दिसलं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे." मग तिनं पाण्याच्या जगाचं झाकण उचलून आत पाहिलं. "तुम्ही त्याच्या बाजूच्या साक्षीदार ना? मग भिता कशाला? भितात ते दुसऱ्या बाजूचे. एक बाई माझ्या हाताला धरून बसली होती, माझी बोटं सुजली. तिला तीन दिवस विचारत होते. पाऊस होता का, किती अंतर होतं, तुम्ही तर झुडपात होतात मग दिसलं कसं. ती मला म्हणाली, मी मेले असते तर माझ्यावर विश्वास बसला असता." मिस वांजिरूनं जगावरचं झाकण नीट बसवलं. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर कोर्ट आलं ते पाण्याखालून आल्यासारखं. लाल-काळ्या झग्यांतले न्यायाधीश, कानाला यंत्रं लावलेली माणसं, ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. एका कोपऱ्यात व्हेनान्स. वाळलेला, चष्मा लागलेला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं दोन्ही हात जोडले, तिनंच शिकवले होते तसे. अनुराधाचे हात टेबलाखाली आपोआप जुळले. मुग्धाला खांद्यावर घेऊन बागेतून धावणारा माणूस हाच होता. त्यात काही खोटं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. वकिलानं विचारलं, तिनं सांगितलं. हो, त्यानं आम्हाला आणलं. हो, जीव धोक्यात घालून. नाही, काही मागितलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. घड्याळाच्या काट्याबरोबर तिला हलकं हलकं वाटायला लागलं होतं, आता संपेल, घरी जाऊन वरण टाकायचंय, संपलंच.

मग फिर्यादी पक्षाची वकील उठली. तरुण, आखूड केसांची. "तुम्ही डी-सात, आरोपीला भाऊ म्हणता. तुमचं रक्ताचं नातं आहे का?"

"नाही. आमच्याकडे ओवाळतात."

"म्हणजे काय करतात?"

अनुराधानं सांगायचा प्रयत्न केला. दिवा, तबक, कपाळावर कुंकू. पडद्यावरच्या कोर्टात कुणीतरी हसलं, वाईट अर्थानं नाही.

"आणि त्या बदल्यात भावावर काय जबाबदारी येते?"

"बहिणीचं रक्षण करायचं."

"म्हणजे आरोपीनं तुमच्यावर उपकार केले, आणि आज तुम्ही ते फेडायला आलात. बहीण भावासाठी काहीही बोलेल. बरोबर?" ती खाली बसता बसता, उरलंसुरलं विचारावं तसं म्हणाली, "हे ओवाळणं तुमच्या घरात आणखी कोणी केलं होतं का, की फक्त तुम्हीच?"

अनुराधाला विझलेलं निरांजन दिसलं, उलट्या बाजूनं फिरणारं तबक दिसलं. व्हेनान्सनं हात खाली घेतले होते. तो आता तिच्याकडे नुसता बघत होता, आणि तिला कळलं की तोही मनानं त्याच साबणाच्या खोक्यावर बसलाय.

"जैनबनं ओवाळलं होतं," ती म्हणाली. "आमच्या घरातली मुलगी. त्याला ओवाळणाऱ्या आम्ही दोघी होतो."

"ही जैनब त्या दिवशी कुठे होती?" हे मधल्या न्यायाधीशानं विचारलं. व्हेनान्सचे वकीलसाहेब उठून काही बोलू लागले, त्यांना हातानं बसवलं गेलं.

"गाडीत. सीटच्या मागे. गोधडीखाली."

"त्या पोरांना ती सापडली?"

"त्यांनी शोधलंच नाही. त्यांनी काही विचारलंच नाही. तो हसून बोलत होता. त्यानं स्वतः दार उघडलं आणि गोधडी उचलली."

वकीलसाहेब उठले तेव्हा त्यांचा आवाज अजून मऊच होता. आठ वर्षं झाली, मॅडम. तुम्ही घाबरलेल्या होतात, मांडीवर रडणारं मूल होतं. मागे वळून बघितलंत? वारा होता त्या दिवशी? उघड्या दारातून वाऱ्यानं गोधडी उडाली नसेल, असं शपथेवर सांगू शकता? आणि वारा आला, तो नेहमी येतो तसा, ओळखीच्या माणसासारखा. गोधडीचं टोक हललं. अनुराधानं डोळे मिटले. ती वाऱ्याला म्हणणारच होती, हो, असेल, तूच असशील. पण गोधडी उडून गेलीच नाही. ती तिच्या मांडीवर आली. तिचा सुती वास, मुग्धाच्या तेलाचा डाग, आणि चार पदरी घडी. कडेला कड जुळवून केलेली, गोदामात पोती मोजणाऱ्या माणसाच्या हातची घडी. त्यानं ती घडी घालून खिडकीतून आत दिली होती आणि म्हणाला होता, ताई, पोरीला थंडी वाजेल. इतकी वर्षं ती गोधडी तिच्या मांडीवर होती आणि तिनं खाली बघितलं नव्हतं.

"वारा होता," ती म्हणाली. "पण वारा घडी घालत नाही, साहेब. यानं घडी घालून मला दिली. नंतर आम्हाला सोडलं. मी आणि माझी मुलगी त्याच्यामुळे जिवंत आहोत, तेही लिहा. दोन्ही लिहा."

पडद्यावर व्हेनान्सनं कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याचे ओठ हलले. आवाज मागून येईल म्हणून ती वाट बघत राहिली, पण काही आलं नाही.

बाहेर मिस वांजिरूनं तिला गोड चहा पाजला. टॅक्सीपर्यंत सोडताना ती म्हणाली, "लक्षात आहे ना, खोलीतलं खोलीत." बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की रस्ते पुसल्यासारखे झाले होते. चष्म्यावर पुन्हा धुकं. टॅक्सीवाला बांगलादेशी होता, त्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला. चारुदत्तला काय सांगायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. वकील त्याला फोन करेल. तो म्हणेल, तू त्याला बुडवलंस, आपल्या पोरीला वाचवणाऱ्याला. आणि त्याचं म्हणणं चूक नसेल.

मुग्धा शाळेतून येऊन गणवेशातच डायनिंग टेबलाशी कॉर्नफ्लेक्स खात होती. "मम्मा, यू लुक वियर्ड. वेअर वेअर यू?"

अनुराधानं पर्स ठेवली. खोलीत काय बोललो ते सांगायचं नाही, कबूल. पण जैनब काही त्या खोलीतली नव्हती, ती या घरातली होती. "मुग्धा, गाडीतली ती मुलगी," ती म्हणाली, "ते स्वप्न नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं होतं. तिचं नाव जैनब. तू रडायला लागलीस की तीच गुणगुणायची. तुझ्याच खोलीत झोपायची."

मुग्धाचा चमचा वाडग्यात राहिला. "सो आय वॉज राइट," ती हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आधी जिंकल्यासारखं काहीतरी आलं, मग ते गेलं. बऱ्याच दिवसांत न बोललेल्या मराठीत, शब्द शोधत, तिनं विचारलं, "मग ती कुठे आहे आता?"

कोर्टात गाडीचा रंग विचारला होता, वारा विचारला होता, आरोपीशी नातं काय ते विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. अनुराधानं खुर्ची ओढली, मुलीच्या अगदी समोर बसली, आणि ओंडक्याच्या पलीकडे गाडी सुरू झाल्यावर मागच्या काचेतून, पोरांच्या घोळक्यात मागे राहिलेल्या जैनबचं जे होताना दिसलं होतं, ते पहिल्यांदा सांगायला लागली.